अहो साहब

"अहो, जरा हळू चाला की!" मी गाईडला म्हटलं आणि वळले उकिडवे.

गाईड बराच पुढं होता. काखेत काळी छत्री, मेंदीनं तांबडे केलेले केस, आणि चाल अशी, की लखनौचा रूमी दरवाजा आत्ता कुणी उचलून नेणार आहे आणि याला त्याच्या आधी पोचायचंय. त्याला मराठी कळायचं काही कारण नव्हतं, म्हणून तो चालतच राहिला. उकिडवे माझ्या पुढं चार पावलांवर होते. ते थांबले, वळले, "सॉरी, सॉरी" म्हणाले, आणि मग माझं तोंड बघून काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या बिचाऱ्यांच्या.

"मला नव्हतं का?"

"गाईडला म्हटलं मी."

"बरोबर आहे. त्यालाच म्हणणार तुम्ही. मी आपला उगीच…"

एवढ्यात गाईडनं मागं वळून पाहिलं होतं. त्याला दिसलं ते इतकंच, की बाईंनी 'अहो' अशी हाक मारली आणि साहेब वळले. माणूस दुसरं काय समजणार? तो परत आला, छातीला हात लावून वाकला आणि म्हणाला, "माफ़ कीजिएगा, अहो साहब. हम ज़रा तेज़ चल रहे थे."

अगंबाई! एरवी मी पोट धरधरून हसले असते. पण हा शब्द आमच्या दोघांत आधीच एकदा येऊन गेला होता, आणि त्याचा निकाल लागला होता.

मी कुमुद पोतनीस. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. उभा जन्म कानाला हेडफोन लावून "अहो, बोला, लाइन लागलीय", "अहो, तीन मिनिटं झाली, वाढवायचीत का?" यात गेला. त्यामुळं मी भाजीवाल्याला अहो म्हणते, रिक्षावाल्याला म्हणते, देवळातल्या पुजाऱ्यालाही म्हणते. अख्ख्या साताऱ्यात एकच माणूस असा होता की ज्याला मी अहो म्हणत नव्हते, तो म्हणजे उकिडवे. त्यांना काही सांगायचं असलं की मी आधी खाकरायची.

उकिडवे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात गेले की अजूनही आधी तराजूच्या काट्याकडं बघायचे आणि मग भाजीकडं. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. माझे यजमान जाऊन अकरा. ज्येष्ठ नागरिक संघात आमची ओळख झाली. त्यांच्या कुकरची शिट्टी मी बदलून आणली, माझ्या पंख्याचा कंडेन्सर त्यांनी बसवून दिला, असं वर्षभर चाललं होतं. मग एकदा टेकडीवर फिरायला गेलो असताना बाकावर बसून ते म्हणाले, "पोतनीसबाई, आपण लग्न करावं असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?" काट्याकडं बघून वजन सांगावं, तसं सांगितलं.

मी म्हटलं, "विचार करते. पण एक आधीच सांगून ठेवते. मी तुम्हाला अहो म्हणणार नाही."

"बरं."

"बरं काय? का ते तरी विचारा."

"का?"

"तो शब्द माझ्यापुरता संपला. हे गेले त्यानंतर दोन वर्षं मी वरच्या फळीवरचा डबा काढायला हाक मारायची, अहो म्हणून. आणि मग स्टूल आणायची. ती सवय मोडताना मला फार त्रास झालाय, उकिडवे."

ते म्हणाले, "नका म्हणू. मी कुठं मागितलाय? उकिडवे म्हणा. नाहीतरी माझं आडनाव नीट घेणारं माणूस मिळणं मुश्कील."

हे सगळं, पुढची सहल धरून, आजपासून बारा वर्षांपूर्वीचं. मी विचार करते म्हटलं आणि करतच राहिले. हो म्हणावंसं वाटे आणि म्हणायला बसलं की त्या स्टुलाची आठवण होई. तेवढ्यात संघाची काशी-प्रयाग-अयोध्या सहल निघाली आणि आम्ही दोघंही तिच्यात आलो. आणि त्याच आठवड्यात उकिडव्यांच्या मुलीनं, शर्वरीनं, टोरांटोहून धोसरा लावला. वडील एकटे राहतात हे तिला बघवत नव्हतं. त्यांना कायमचं तिकडं न्यायचे कागद तिनं तयार ठेवले होते, साताऱ्याच्या फ्लॅटला गिऱ्हाईक आलं होतं, आणि ते गिऱ्हाईक आता थांबायला तयार नव्हतं. आम्ही लखनौ बघायला निघालो त्या दिवशी संध्याकाळी ती फोन करणार होती. मी हो म्हटलं तर फ्लॅट राहणार आणि उकिडवे साताऱ्यात. नाहीतर फ्लॅट जाणार, आणि त्या वयात तिकडं गेलेला माणूस काही परत येत नाही.

उकिडव्यांनी हे मला एकदाच सांगितलं. काशीहून लखनौला येताना, गाडीत, शेंगा सोलता सोलता. त्यानंतर पुन्हा विषय काढला नाही.

त्या दिवशी बाकीची मंडळी बसनं अयोध्येला गेली. उकिडव्यांच्या गुडघ्याला बस सोसत नव्हती, म्हणून ते मागं राहिले. मी म्हटलं, मलाही लखनौ बघायचंय. माझ्या खोलीतल्या खोतवहिनी बसमध्ये चढता चढता सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "राहा, राहा. भुलभुलैयात हरवू नका म्हणजे झालं. नाहीतर असं करा, हरवाच!" बसमधल्या बायका फिदीफिदी हसल्या. हॉटेलवाल्यानं दिवसभरासाठी गाडी आणि गाईड ठरवून दिला. नफीसभाई त्याचं नाव.

तर रूमी दरवाजाखाली उभं राहून मी त्याला समजावू लागले. "भाईसाब, इनका नाम अहो नहीं है. इनका नाम उकिडवे है."

"उखड़वे?"

"उकिडवे. उ-कि-ड-वे."

"जी, उखड़वे साहब."

"राहू द्या हो," उकिडवे मला म्हणाले. "उखडवेपेक्षा अहो बरं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही मनावर घेऊ नका. आणि मघाशी चूक माझी झाली. आता दिवसभर तुम्ही कुणालाही अहो म्हणा, मी वळणार नाही. शब्द देतो."

आणि माणूस शब्दाला पक्का निघाला. चौकात चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांच्या दुकानात मी दुकानदाराला म्हटलं, "अहो, दुसरा रंग दिखाओ ना." उकिडवे दाराकडं तोंड करून उभे होते, ते तसेच. मान इतकी ताठ, की दुकानदारानं त्यांना विचारलं, गर्दन में मोच है क्या? गाडीपाशी मी ड्रायव्हरला अहो म्हटलं, तेव्हाही हे आपले आकाशाकडं बघतायत. शेवटी मलाच लाज वाटायला लागली. नफीसभाई मात्र अहो साहब, अहो साहब करत होता. अहो साहब, इधर से. अहो साहब, सीढ़ी है, सँभल के. मी मोजायचं सोडून दिलं.

इमामबाड्याच्या दारात चपला काढल्या, तिथं एक पाटी होती. जोडप्यांनी गाईडशिवाय भुलभुलैयात जायचं नाही, असं काहीसं. मी म्हटलं, "ही आपल्याला लागू नाही. आपण जोडपं नाही." उकिडवे म्हणाले, "गाईड आहे ना बरोबर. मग पाटीचा प्रश्नच येत नाही." निरीक्षकाचंच उत्तर होतं ते.

आतला दिवाणखाना प्रचंड. मध्ये एक खांब नाही, एक तुळई नाही. नफीसभाईनं छत्री भिंतीला टेकवली आणि गोष्ट सुरू केली. मोठा दुष्काळ पडला होता. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून नवाबानं ही इमारत बांधायला काढली. दिवसा बांधायची आणि रात्री थोडी पाडायची, म्हणजे काम पुरत राहील. रात्री पाडायला यायचे ते खानदानी लोक, ज्यांना दिवसा टोपली उचलायची शरम वाटे. अंधारात कुणाचा चेहरा कुणाला दिसत नसे. हे सांगताना नफीसभाईच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज याच वाक्याला येत असणार, पण खरं पाणी होतं.

उकिडव्यांनी विचारलं, "वो लोग को धान्य वजन करके देते थे, के माप से?"

नफीसभाईनं छत्री उचलून पुन्हा काखेत मारली. मग मला म्हणाला, "अहो साहब बड़े गहरे आदमी हैं."

मग आम्ही वरच्या सज्जात गेलो. तिथली गंमत अशी, की एका टोकाला अगदी हळू बोललेलं दुसऱ्या टोकाला भिंतीतून ऐकू येतं. नफीसभाईनं आम्हा दोघांना इकडं उभं केलं, कान लावून ठेवा म्हणाला, मी साहेबांचं नाव घेतो, आणि सगळा दिवाणखाना ओलांडून पलीकडं गेला. तिथून तो मुठीएवढा दिसत होता. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

"अहो… अहो…"

भिंतीतून आला आवाज. कानाशी. कुणी उशाशी बसून बोलावं तसा. घरात हा शब्द फक्त मी म्हणायची, त्यामुळं असा कानाशी तो मला कधी ऐकू आलेला नव्हता. यजमान गेल्यावर अकरा वर्षांनी पहिल्यांदा ऐकला, तो लखनौच्या एका परक्या माणसाच्या तोंडून. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी कान काढला. उकिडव्यांनीही काढला होता आणि ते खाली दिवाणखान्यात बघत होते, जणू तिथं काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय.

"सुना, अहो साहब?" पलीकडून नफीसभाई ओरडला.

"सुना, सुना," उकिडवे म्हणाले. "बहुत हो गया."

भुलभुलैया म्हणजे त्या दिवाणखान्याच्या वर, भिंतींच्या पोटातून फिरवलेले बोळ. एक माणूस जेमतेम जाईल एवढे. सारखी दारं, सारख्या पायऱ्या, मध्येच खालून उजेड आणि मध्येच ठार काळोख. नफीसभाईचा तिथला खेळ ठरलेला होता. निम्म्यापर्यंत तो आम्हाला घेऊन गेला आणि म्हणाला, आता मी गच्चीवर जाऊन थांबतो, तुम्ही आपली वाट शोधून या. नाही सापडली तर हाक मारा.

पहिल्याच फाट्याला आमचं जुंपलं.

"उजवीकडं," उकिडवे म्हणाले. "वारा येतोय तिकडून."

"वारा दोन्हीकडून येतोय. डावीकडं पायऱ्या वर जातायत. गच्ची वर असते की खाली?"

"इथं वर जाणाऱ्या पायऱ्या खाली नेतात, असं तो म्हणाला ना आत्ता."

"तो बरंच काय काय म्हणतो. तुम्हाला तर तो अहो म्हणतो. तुम्ही जा उजवीकडं, मी जाते डावीकडं. बघू कोण आधी पोचतं."

मी तरातरा निघाले. पायऱ्या चढले, वळले, पुन्हा वळले. पायऱ्या खरंच खाली जायला लागल्या. मागं फिरले तर ज्या दारातून आले ते दार कुठलं, ते कळेना. चारही दारं सारखीच. एक घेतलं, तर पुढं भिंत. दुसरं घेतलं, तर पुढं काळोख, आणि वटवाघळांचा वास. मी हाक मारली, "नफीसभाई!" आवाज भिंतीत शिरला आणि कुठल्या कुठं गेला. "ओ नफीसभाई!" काही नाही. भिंतीवरून हात पुढं सरकवला तर भिंतच नव्हती, हात नुसता पोकळीत गेला, आणि माझा तोल गेला.

"अहो!"

आता हे नीट सांगायला हवं. टेलिफोनवर आयुष्य काढलेल्या बाईला आवाज कळतात. अहो दोन असतात. एक जगाला मारायचा, तो तोकडा, तोंडातल्या तोंडात सुटतो. आणि दुसरा घरातला, 'हो' लांबवलेला, ज्याच्या पुढं काही बोलायची गरज नसते. मी मारली ती हाक दुसरी होती. नफीसभाईला ती नव्हती. उकिडव्यांनाही नव्हती. ज्याला होती त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि हे माझ्या लक्षात आलं हाक मारून झाल्यावर. अंधारात मी एकटी उभी, आणि इथं ओढून घ्यायला स्टूलही नाही.

"आलो, आलो. जागच्या हलू नका."

पावलं वाजली. अनवाणी, एक पाय ओढत. मोबाइलचा मिणमिणता उजेड आधी आला आणि मागोमाग उकिडवे. घामाघूम. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातानं गुडघा.

"लागलं का कुठं?"

"नाही. तुमचा गुडघा?"

"दुखतोय. पोचलो होतो मी वर. वारा उजवीकडूनच होता."

"मग परत कशाला आलात? वळणार नव्हतात ना? शब्द दिला होता ना सकाळी?"

त्यांनी मोबाइल खाली धरला, उजेड माझ्या तोंडावर पडू नये असा. "दिवसभर पाळला की. दुकानात वळलो नाही, गाडीपाशी वळलो नाही. ते बाहेरचे अहो होते, मला आता ओळखू येतात. हा घरातला होता."

मी चाचपडत भिंत धरली.

"म्हणजे माझा नव्हता, तेही कळलं मला," उकिडवे म्हणाले. "पण जवळ मीच होतो."

मला रडू आलं. सरळच सांगते, हमसून आलं. उकिडव्यांनी ना खांद्यावर हात ठेवला, ना पुरे आता म्हणाले. भिंतीला टेकून उभे राहिले, गुडघा चोळत. माझं झाल्यावर मी त्यांच्या स्वेटरची बाही धरली, आणि बाही धरूनच आम्ही वर गेलो. गच्चीच्या दारात नफीसभाई कावराबावरा होऊन उभा होता. "अहो साहब! भाभीजी! हमारी तो जान निकल गई!"

भाभीजी म्हटलेलंही मी दुरुस्त केलं नाही. तेवढी ताकद नव्हती.

गाडीत बसून हॉटेलवर परत निघालो. उकिडवे खिडकीबाहेर बघत होते. मी माझ्या हाताकडं बघत होते, भिंतीचा चुना नखांत गेला होता. विचारतील, आता विचारतील, असं मला वाटत होतं. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, देव जाणे.

व्हरांड्यात चहा मागवला. नफीसभाई निघत होता, त्यालाही बसवून घेतलं. तो बशीत ओतून चहा पीत होता आणि मला सांगत होता, की उद्या सकाळी मक्खन मलाई खाल्ल्याशिवाय लखनौ सोडू नका, दव पडलेल्या दुधाचा फेस असतो, तोंडात ठेवला की गायब. तेवढ्यात उकिडव्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं. एकदा माझ्याकडं बघितलं. आणि उठून पार पलीकडच्या कठड्यापाशी गेले, आमच्याकडं पाठ करून.

पण मी ऑपरेटर. दुसऱ्याचं बोलणं न ऐकल्यासारखं करून ऐकायची मला नोकरीभर सवय.

"हां शर्वरी, बोल… नाही गं, बरा आहे मी, जिने चढलो जरा… अं? नाही. नाही विचारलं… अगं, एकदा विचारलंय. पुन्हा पुन्हा विचारायची गोष्ट आहे का ती?… त्यांचं काही चुकत नाही. कुणाचंच चुकत नाही… हो. हो, कळतंय मला, तो माणूस किती थांबणार… बरं, असं कर. तू त्याला सांग…"

"अहो!" मी म्हटलं.

काय म्हणतेय ते ठाऊक असून म्हटलं. 'हो' लांबवून.

पाठ हलली नाही. दिवसभरात ज्या माणसाला मी न वळायला शिकवलं, तो आता कसा वळणार? फोन कानाला तसाच.

नफीसभाईनं बशी खाली ठेवली. बाई हाक मारतायत आणि साहेबांना ऐकू येत नाही, हे त्याच्या लखनवी अदबीला सोसवेना. तो उठून उभा राहिला. "अहो साहब! आपको बुला रही हैं."

उकिडव्यांनी फोनवर हात ठेवला. मान न वळवता म्हणाले, "मेरेको नहीं. वो आपको बुलाती हैं."

"जी नहीं, अहो साहब, हमें क्यों बुलाएँगी?"

माझा चहा गार झाला होता. मी कप बाजूला सारला.

"अहो, तुम्हालाच म्हणतेय."

मग हे वळले.